सासवडच्या अंजिरात माशी का नसते?

श्रावण लागला की मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो: अंजीर मांसाहारी आहे, कारण प्रत्येक फळात मेलेली गांधीलमाशी असते. दिवे घाट उतरून पुण्यात येणाऱ्या अंजिरापुरते हे साफ खोटे आहे. उंबराबद्दल लिहिले असते, तर खरे ठरले असते.

वड, पिंपळ, उंबर, अंजीर ही सारी फायकस कुळीची भावंडे. दुर्मीळ गोष्टीला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो, पण उंबर फोडला की शेकडो फुले समोर असतात. ज्याला आपण फळ म्हणतो तो आत वळलेला फुलोरा आहे. देठाचा मांसल भाग वाढून त्याची पिशवी झाली, फुले आत कोंडली गेली आणि टोकाला खवल्यांनी झाकलेले एक छिद्र तेवढे राहिले. तिथून ना वारा जातो ना मधमाशी. जाते ती दोन-अडीच मिलिमीटरची गांधीलमाशी, आणि तीही ज्या त्या झाडाची वेगळी. बांधावरच्या उंबरातली माशी अंजिराच्या कामाची नाही.

अंजिराच्या नर झाडावरच्या फळात आखूड परागवाहिनीची (फुलाच्या टोकापासून बीजांडापर्यंत जाणाऱ्या नळीची) फुले असतात. मादी माशी छिद्रातून घुसते, त्या ओढाताणीत तिचे पंख तुटतात, ती अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर माद्यांशी मीलन करून आतच संपतात. माद्या मात्र परागकण अंगावर घेऊन बाहेर पडतात. त्यांतली एखादी चुकून मादी झाडाच्या फळात शिरली, की फसली. इथल्या फुलांची परागवाहिनी लांब, तिची अंडी घालण्याची नळी तळापर्यंत पोचत नाही. माशी मरते, पण परागीभवन होऊन जाते. तुर्कस्तानातला स्मर्ना गटाचा अंजीर असा आहे; पराग मिळाला नाही तर त्याची फळे गळून पडतात. कॅलिफोर्नियात स्मर्नाची झाडे लावली तेव्हा हेच झाले. 1899 मध्ये तिथे माशी आणून वसवली, मग फळ टिकले. तेव्हा तो मजकूर चिकटवायचाच असेल, तर तिकडच्या सुक्या अंजिराच्या पाकिटावर चिकटवावा. दाताखाली कचकचते ते तिथेही बीच, माशी नव्हे.

सासवड ज्या तालुक्यात आहे, त्या पुरंदरमधला 'पुना अंजीर' वेगळ्या गटातला. त्याचे फळ परागीभवनावाचून पोसते. याला अनिषेकफलन म्हणतात. नर झाड नको, माशी नको. बी असते ते पोकळ, पेरले तरी उगवत नाही. म्हणून लागवड कलमांनी: करंगळीएवढी जाड, फूटभर लांब, चार ते सहा डोळ्यांची काडी. 5 बाय 5 मीटरवर लावली तर हेक्टरी 400 झाडे बसतात. पिकून लोंबलेल्या फळात अळी सापडलीच, तर ती बहुधा फळमाशीची असते.

माशी नको, पण कोरडी हवा हवीच. लोणावळ्याला वर्षाला 4000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुणे शहरात सुमारे 700, घाटापलीकडे सासवडला 500 च्या आसपास. कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावरचे हे गाव. पुरंदर किल्ल्याच्या परिसरातले ठाणे म्हणून ते इतिहासात येते, बाळाजी विश्वनाथ 1720 मध्ये इथेच वारले. आणि ज्ञानोबांची पालखी घाट चढून आली की इथे दोन मुक्काम करते. जमीन हलकी, खाली मुरूम. पाणी मुळाशी साचत नाही. 2016 मध्ये पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचा डंका खूप वाजतो, पण गोडी येते ती ऋतू साधल्याने.

मिठा बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकणारा हंगाम, धरायचा तर पावसाळा ओसरताना पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी करतात. फळ नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात येते. ते तीन टप्प्यांत वाढते: आधी भराभर, मग जवळजवळ थांबते, आणि शेवटच्या थोड्या दिवसांत फुगून साखर भरते. हा शेवटचा टप्पा उन्हाळ्याच्या तोंडाशी, कोरड्या हवेत यावा. खट्टा बहाराची फळे पावसाळी, ढगाळ दिवसांत पोसतात. नावातच चव आली. शेवटच्या टप्प्यात कोरड्या बागेला एकदम भरपूर पाणी दिले तर साल ताणाला पुरत नाही आणि फळ तडकते.

दमट हवेत तांबेरा हा बुरशीचा रोग येतो. पानाखाली तपकिरी पुटकुळ्या उठतात, पाने झडतात आणि फळाला साखर पुरवणारेच कोणी उरत नाही. उपाय जुनाच, एक टक्का बोर्डो मिश्रण: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, धातूच्या भांड्यात नाही. लोखंडी सुरी बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तसेच फवारले तर पाने करपतात.

तोडणी पहाटे, देठासकट, हातमोजे घालून, कारण चिकाने कातडी सोलवटते. तोडलेले कच्चे फळ नंतर मऊ पडते, पण गोड होत नाही. म्हणून ते झाडावरच पिकू द्यावे लागते, आणि पिकलेला अंजीर त्याच दिवशी घाट उतरून बाजारात पोचावा लागतो.