लुआची मेमरी गळते ती सीमेवर

सध्या आमच्या टीममध्ये ज्या दुरुस्तीवर काम चालू आहे, ती चाकणच्या एका कारखान्यात बसवलेल्या गेटवेची. यंत्रांकडून येणारी माहिती गोळा करायची, तपासायची आणि पुढे पाठवायची, एवढंच त्याचं काम. गाभा सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, आणि ग्राहकाला वेळोवेळी बदलावे लागणारे नियम लुआ या दुसऱ्या भाषेच्या स्क्रिप्टमध्ये. मेमरी हळूहळू चढत जाते आणि शेवटी प्रोसेस मरते. रोज रात्री रीबूट लावून हे झाकता येतं, बरेच जण झाकतातही. मला ते पटत नाही, कारण असली गळती, म्हणजे वापरून झालेली मेमरी परत न मिळणं, कुठे असते हे शोधता येतं. त्यासाठी आधी लुआ ही भाषा कशी घडली ते पाहायला हवं.

वापरून झालेली मेमरी भाषेनेच परत घ्यायची, ही कल्पना 1960ची. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी, ज्यांच्यापर्यंत पोचता येतं त्या वस्तू ठेवायच्या आणि उरलेल्या झाडून काढायच्या, अशी पद्धत मांडली. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी प्रत्येक वस्तूकडे किती जण बोट दाखवतात ते मोजण्याचा मार्ग सुचवला. पायथन ही भाषा मोजणीच्या वाटेने गेली. एकमेकांना धरून बसलेल्या वस्तू नुसत्या मोजणीने सुटत नाहीत, म्हणून 2000 साली 2.0 आवृत्तीत तिला वेगळा कलेक्टर, म्हणजे नको असलेल्या वस्तू झाडणारा भाग, जोडावा लागला. लुआने पहिली वाट धरली.

लुआचा जन्म 1993चा, रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठातल्या टेकग्राफ गटात. रोबेर्तो येरूसालिम्स्की, लुईझ एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी ती पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या कामासाठी बनवली. 1992पर्यंत ब्राझीलमध्ये परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअरवर कडक निर्बंध होते, त्यामुळे स्वतःचं घडवण्याची सवय तिथे मुरलेली होती. पुणेकरांना हे ओळखीचं वाटेल. अमेरिकेचा महासंगणक मिळेना, तेव्हा 1988 साली इथे सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली आणि 1991मध्ये परम 8000 हा महासंगणक तयार झाला.

लुआ पहिल्यापासून दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात राहण्यासाठीच होती. 2000च्या 4.0 आवृत्तीत सी आणि लुआ यांच्यातला व्यवहार एका स्टॅकवरून, म्हणजे मूल्यं एकावर एक ठेवायच्या जागेवरून, होऊ लागला. लुआच्या टेबलचा, म्हणजे माहिती साठवायच्या तिच्या रचनेचा, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) सीच्या हाती लागतच नाही, त्यामुळे सी धरून बसलेली वस्तू कलेक्टरने चुकून झाडून टाकण्याचा प्रश्न मिटला. पण सीला एखादं फंक्शन पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायचं असेल तर? त्यासाठी रजिस्ट्री नावाचं एक टेबल आहे. ‘रेफ’ केलं की वस्तू तिथे जाते आणि सीला एक क्रमांक मिळतो. त्याच क्रमांकावर ‘अनरेफ’ होईपर्यंत ती वस्तू कलेक्टरच्या लेखी वापरातच असते. आमच्या गेटवेत नेमकं हेच राहून गेलं होतं. सेन्सर पुन्हा जोडला गेला की नवा कॉलबॅक, म्हणजे माहिती आली की चालवायचं फंक्शन, नोंदला जाई, जुना तसाच राही, आणि त्याने धरलेली सगळी टेबलंही.

शोधण्याची रीत सरळ आहे. पूर्ण कलेक्शन करायला लावायचं आणि लुआला स्वतःच्या मेमरीचा आकडा विचारायचा. तो आकडा चढत असेल तर कुणीतरी वस्तू धरून ठेवली आहे, आणि पहिला संशय रजिस्ट्रीवर घ्यायचा. तो स्थिर असून प्रोसेसची मेमरी चढत असेल, तर बहुधा गळती सीकडे आहे.

सीकडची गळती जास्त फसवी. युजरडेटाच्या, म्हणजे लुआने सीच्या माहितीसाठी दिलेल्या मेमरीच्या, छोट्या तुकड्यात एका मोठ्या बफरचा पॉइंटर असला, तर कलेक्टरला फक्त तो तुकडा दिसतो. आवरायची घाई आहे हे त्याला कळत नाही. शिवाय लुआ सी म्हणून कंपाइल केली असेल तर तिची एरर लॉंगजंपने, म्हणजे मधला कोड ओलांडून थेट उडी मारून, बाहेर पडते. मध्ये मॅलॉकने मेमरी मागितलेली असेल, तर ती परत करणाऱ्या फ्रीपर्यंत कोड पोचतच नाही.

2006च्या 5.1मध्ये कलेक्टर टप्प्याटप्प्याने काम करू लागला, त्यामुळे मोठे थांबे गेले. 2020च्या 5.4मध्ये जनरेशनल, म्हणजे नव्या वस्तू जास्त वेळा तपासणारी, पद्धत आली आणि ब्लॉकमधून बाहेर पडताना, एररमुळे पडलो तरीही, आपोआप बंद होणारी चलं मिळाली. रजिस्ट्रीतली विसरलेली नोंद मात्र यातलं काहीच शोधून देत नाही.

म्हणून आमच्या दुरुस्तीत सेन्सर सुटताना आणि नवा कॉलबॅक नोंदण्याआधी, अशा दोन्ही ठिकाणी अनरेफ घातलं आहे. तात्पुरते बफरही मॅलॉकऐवजी लुआकडूनच युजरडेटा म्हणून मागितले आहेत, म्हणजे एरर आली तरी ते कलेक्टरच्या हिशोबात राहतात.