चाळीस प्रश्न आणि मधमाश्यांची पोळी

अठराव्या शतकात स्पेनमध्ये गावोगावी प्रश्न पाठवून कोणाकडे काय आहे याची मोजणी झाली, तिची ही गोष्ट. 1700 मध्ये स्पेनचा राजा कार्लोस दुसरा निपुत्रिक वारला आणि गादी मिळाली फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नातवाला, म्हणजे फेलिपे पाचव्याला. बोर्बन घराणं स्पेनमध्ये आलं ते असं, आणि पाठोपाठ वारसाहक्कावरून मोठी लढाई पेटली. स्पेनमधलेच अरागॉन, वॅलेन्सिया, कॅटालोनिया हे प्रांत फेलिपेच्या विरोधात गेले होते, त्यांचे जुने कायदे राजाने 1707 ते 1716 मध्ये मोडीत काढले, आणि कॅटालोनियावर जमीन-घराचा नवा टॅक्सही बसवला. हरलेल्यांना विचारतंय कोण!

कास्तील, म्हणजे स्पेनचा मोठा भाग, राजाच्या बाजूचा, तिथे मात्र असं दामटून चालणार नव्हतं. तिथे बराचसा टॅक्स खरेदी-विक्रीवर, तेल, वाइन, व्हिनेगर, मांस यांवर, म्हणजे चटका बसायचा तो गरिबालाच. फेलिपेच्या मुलाचा, फर्नांदो सहाव्याचा मंत्री मार्केस एन्सेनादा याचा प्लॅन होता की हे सगळं बंद करून एकच टॅक्स लावायचा, ज्याचं जसं उत्पन्न तसा, सरदार आणि चर्चसुद्धा सुटणार नाहीत. पण कोणाकडे काय आहे हे आधी कळायला नको का? म्हणून ऑक्टोबर 1749 मध्ये मोजणीचं फर्मान निघालं.

गावोगावी 40 प्रश्न गेले, जवळपास 15,000 गावांत. काम बघायला इंतेंदेंते, म्हणजे फ्रेंच धर्तीवरचे अधिकारी, साधारण आपल्या कलेक्टरसारखे. मला सगळ्यात आवडतो तो नववा प्रश्न: तुमच्या गावात जमीन कुठल्या मापाने मोजता, ते माप किती पावलांचं, आणि त्यात बी किती पेरता? कारण माप गावागणिक वेगळं, ते एका हिशेबात आणल्याशिवाय आकड्यांना काही अर्थच नाही! एकोणिसावा प्रश्न मधमाश्यांची पोळी किती आणि कोणाची, छत्तिसावा गावात अगदी कंगाल किती. शिवाय प्रत्येक घरमालकाने आपापली माहिती लेखी द्यायची, मग जाणकार माणसं ती शेतावर जाऊन तपासणार, आणि वहीत नोंदीशेजारी त्या तुकड्याचा आकार हाताने काढलेला, थोडक्यात सातबारा आणि नकाशा एकाच पानावर.

आणि टॅक्स? तो कधी लागूच झाला नाही. 1754 मध्ये एन्सेनादाची गच्छंती झाली, पुढे कार्लोस तिसऱ्याच्या काळात परत खटपट झाली तीही बारगळली, ज्यांना टॅक्स भरावा लागला असता त्यांचं वजन किती असेल तुम्हीच बघा. वह्या मात्र राहिल्या, आणि गावांची उत्तरं आज स्पेनच्या सरकारी अर्काइव्हच्या साइटवर स्कॅन करून ठेवलीत, एखाद्या गावाचं नाव टाकून 1750 च्या सुमारास तिथे कोणाची किती पोळी होती ते घरबसल्या बघता येतं, फक्त ते हस्ताक्षर लागायला हवं.