कांदळाच्या शेंगा आणि प्रजातींची मोजदाद

कोकणातल्या खाड्यांच्या काठी कांदळाला हिरव्या, लांबट शेंगा लोंबताना दिसतात. त्या शेंगा नव्हेतच. फळातलं बी झाडावरच रुजून खाली वाढलेलं ते रोप असतं. कांदळाच्या जवळच्या ब्रुगिएरा, सेरिऑप्स आणि कँडेलिया या झाडांतही हेच घडतं. सगळ्या मिळून पंधरा-वीस प्रजाती. मग खाऱ्या चिखलात जगायचं म्हणून बी झाडावर रुजतं, याला इतके पुरावे आहेत असं म्हणायचं का?

नाही. ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत. ही रीत त्यांच्या समाईक पूर्वजात एकदाच आली, पुढे वारशाने चालत राहिली. एकाच घरातल्या वीस जणांना विचारलं म्हणून वीस साक्षीदार होत नाहीत.

ही शंका प्रथम जीवशास्त्रात नव्हे, मानववंशशास्त्रात निघाली. १८८८ साली लंडनमध्ये एडवर्ड टायलर यांनी सुमारे ३५० समाजांच्या विवाहरीतींची आकडेवारी मांडली. तेव्हा फ्रान्सिस गॉल्टन यांनी विचारलं, यातल्या किती रीती एकाच मुळातून आल्या असतील? प्रश्न चोख होता. पण जीवशास्त्रज्ञ पुढेही बराच काळ प्रत्येक प्रजाती सुटी धरून आलेख काढत राहिले, फार तर कुळाची सरासरी घेत.

१९८५ साली जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी 'अमेरिकन नॅचरलिस्ट'मधल्या लेखात हे दुखणं उघड केलं. समजा ४० प्रजाती आहेत, पण दोनच पूर्वजांच्या, वीस-वीसच्या दोन झुबक्यांत. दोन गुणधर्मांचा काहीएक संबंध नसला तरी आलेखावर तो ठसठशीत दिसतो, कारण खरे बिंदू दोनच असतात. त्यांचा उपाय मला आजही अतिशय देखणा वाटतो. प्रजातींची मापं मोजू नका, वंशवृक्षावरच्या प्रत्येक फाट्यापाशी दोन फांद्यांमधला फरक मोजा. फांद्या जितक्या लांब तितका फरक आपसूक मोठा, म्हणून त्यांच्या एकूण लांबीच्या वर्गमुळाने त्याला भागा. फाटा फुटल्यानंतरचे बदल ज्याचे त्याचे असल्याने हे फरक एकमेकांपासून स्वतंत्र असतात. ४० प्रजातींतून असे ३९ फरक मिळतात. अट एवढीच की वंशवृक्ष बरोबर हवा आणि गुणधर्म दिशाहीन, यादृच्छिक बदलत गेलेला हवा.

पुढे ॲलन ग्रॅफेन यांनी १९८९ मध्ये हीच कल्पना समाश्रयणात, म्हणजे एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीत (रिग्रेशन) बसवली. वारशाचा प्रभाव किती, हे मोजणारा 'लॅम्डा' मार्क पेगेल यांनी १९९९ मध्ये दिला.

मात्र 'आहे किंवा नाही' अशा गुणधर्मांची पंचाईत सुटलेली नाही. मॅडिसन आणि फिट्झजॉन यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की वंशवृक्ष हिशेबात धरूनही एकाच प्राचीन घटनेवरून या चाचण्या संबंध 'सिद्ध' करू शकतात. कांदळाचं प्रकरण नेमकं याच जातीचं. त्यामुळे इथे पुराव्याला वजन येतं ते दुसऱ्या कुळांतून. तिवर या खाडीकाठच्याच दुसऱ्या झाडाचं बीही झाडावरच रुजतं, फक्त फळाची साल फोडून बाहेर येत नाही. तिवराचं कुळ कांदळापासून फार दूरचं आहे.