मुलांकडे अमेरिकेला गेल्यावर कॅरिबियन क्रूझ : पैसे भरण्याआधी हे वाचून घ्या

लेकाकडे किंवा लेकीकडे काही महिने राहायला गेलेले आई-बाबा आणि त्यांना घेऊन आठवडाभर कुठेतरी जावं असं म्हणणारी मुलं, अशा कुटुंबांसाठी हे माहितीपत्रक आहे. फ्लोरिडा किंवा टेक्सासच्या बंदरातून निघायचं, तीन-चार बेटं बघायची आणि त्याच बंदरात परत यायचं. सामान एकदाच सोडायचं, रोज हॉटेल बदलायचं नाही. गुडघे दुखणारी आजी आणि पाण्यातून बाहेर न येणारा नातू, दोघांनाही एकाच सहलीत सुख मिळावं, तर यापेक्षा सोयीचा प्रकार आमच्या पाहण्यात नाही. पण जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि चुकलं तर मागून दुसरं येत नाही. सहली बिघडतात त्या बहुतेक वेळा समुद्रामुळे नव्हे, कागदांमुळे आणि घड्याळामुळे.

आधी कागद, मग केबिन

अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. व्हिसाच्या कागदावर 'एंट्रीज' या शब्दाखाली 'एम' छापलेलं असतं, ते डोळ्यांनी बघा. जहाज बहामातल्या नासाऊला किंवा मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाला लागलं की तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात, आणि परतताना नव्याने प्रवेश मागता. दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर जुना आणि नवा, दोन्ही पासपोर्ट लागतात. आजच दोन्हींना एक रबर बँड लावून ठेवा. नवा पर्समध्ये आणि जुना मुलाच्या घरी कपाटात, असं झालं तर बंदरातूनच मागे फिरावं लागतं आणि पैसेही जातात. नवा पासपोर्ट सहल संपल्यानंतर किमान सहा महिने चालणारा असावा.

क्रूझहून परतलं की राहण्याची मुदत पुन्हा सहा महिने मिळेल, हा हिशेब धरू नका. शेजारच्या बेटांवरून ३० दिवसांच्या आत परतणाऱ्याला अधिकारी जुन्याच आय-९४ वर (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल, ती तारीख असलेली प्रवेशाची नोंद) आत घेऊ शकतो. घरी आल्यावर आय-९४ ची तारीख ऑनलाइन तपासा आणि भारताचं परतीचं तिकीट मूळ मुदतीच्या आतलंच ठेवा.

आई-बाबांचे कागद नीट असतात आणि मुलांचेच अडतात, असंही होतं. मुलगा-सून एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्याच्या जोडीदाराचा) वर असतील व पासपोर्टमधला व्हिसा संपलेला असेल, तर आय-७९७ हा मंजुरीचा कागद कितीही पुढच्या तारखेपर्यंत वैध असला तरी कॅरिबियन क्रूझ बुक करू नका. संपलेल्या व्हिसावर परत येण्याची जी सवलत आहे, ती एच व्हिसावाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती, तीही ३० दिवसांपर्यंत मिळते. वाटेत बहामा किंवा जमैका आलं की ती सवलत संपली. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय देशाबाहेर जायचं नसतं, आणि क्रूझ म्हणजे देशाबाहेरच.

अमेरिकेत जन्मलेल्या नातवंडांना त्याच बंदरात परत येणाऱ्या सहलीसाठी जन्मदाखला बहुधा पुरतो. तरी पासपोर्ट काढाच. मधल्या एखाद्या बेटावर आजारपणामुळे उतरावं लागलं तर परत विमानानेच यावं लागतं, आणि तिथे जन्मदाखला चालत नाही. नातवंडं फक्त आजी-आजोबांबरोबर जाणार असतील तर दोन्ही पालकांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर हवं.

बेटांचे व्हिसा हा वेगळा विषय. वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. बाकी प्रत्येक बेटाचे नियम निराळे आणि बदलते. एका बंदराचा कागद कमी पडला तर क्रूझ कंपनी 'त्या दिवशी खाली उतरू नका' म्हणत नाही, जहाजावर चढूच देत नाही. म्हणून मार्ग पक्का झाला की आम्ही बंदरं आणि प्रवाशांचे पासपोर्ट यांची यादी कंपनीला पाठवून लेखी उत्तर मागवतो. ते हातात पडेपर्यंत परत न मिळणारी रक्कम भरू नका.

तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव पासपोर्टमध्ये जिथे असेल तिथेच घाला.

महिना कोणता धरायचा

१ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकचा वादळांचा मोसम, आणि त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर जास्त. जहाजं तेव्हाही सुटतात आणि वादळाला वळसा घालतात. पण म्हणजे जमैका म्हणून पैसे भरले आणि मेक्सिको बघून आलो, असं होऊ शकतं. चुकलेल्या बंदराचे फक्त बंदरकर परत मिळतात, भाडं नाही. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि सुखाची. नाताळात आणि मार्चमधल्या शाळा-कॉलेजांच्या सुट्टीत दर चढतात आणि जहाज गच्च भरतं. थँक्सगिव्हिंगनंतरचे (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) दोन आठवडे आणि एप्रिलचा शेवट ते मे, हे आमच्या मते वयस्कर मंडळींसाठी सर्वांत चांगले दिवस: गर्दी कमी, दर उतरलेले.

जानेवारीतली तीन-चार रात्रींची बहामा क्रूझ स्वस्त दिसते त्याला कारण आहे. उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट आली की नासाऊच्या किनाऱ्यावर स्वेटर घालून बसावं लागतं. उबदार पाणी हवं असेल तर हिवाळ्यात बहामाच्या खाली, कोझुमेल-केमनपर्यंत किंवा त्याहून दक्षिणेला जा.

मार्ग

पश्चिमेकडचा मार्ग कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका असा. पूर्वेकडचा सान हुआन (पोर्तो रिको), सेंट थॉमस, सेंट मार्टिन असा. त्यात समुद्रातले दिवस जास्त आणि जाताना वारा समोरून, म्हणून जहाज थोडं अधिक हलतं. दक्षिणेचा मार्ग बहुधा सान हुआनहून सुरू होतो, जवळजवळ रोज नवं बेट. अरुबा, बोनेअर, कुरासाओ ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून बाजूला आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पश्चिमेचा मार्ग घ्यावा, असं आम्ही सांगतो.

बंदर निवडताना मुलाचं घर बघा. ह्यूस्टन-डॅलसवाल्यांनी टेक्सासच्याच गॅल्व्हेस्टनहून जावं, पण ह्यूस्टनच्या मोठ्या विमानतळापासून ते सुमारे ११० किलोमीटर आहे हे लक्षात असू द्या. विमानाने येणाऱ्यांना फ्लोरिडातलं फोर्ट लॉडरडेल सोपं, कारण विमानतळ आणि बंदर अगदी शेजारी. पोर्ट कॅनाव्हेरल ऑर्लँडोहून तासाभराच्या अंतरावर आहे.

केबिन

इनसाइड केबिनला खिडकी नसते. दिवा मालवला की दुपारी तीनलाही मिट्ट काळोख. तरुणांना चालतं, पण रात्री दोनदा उठणाऱ्या आजोबांचा गोंधळ होतो. त्यांच्यासाठी किमान खिडकीची केबिन घ्या, किंवा छोटा नाइट लॅम्प बरोबर न्या. समुद्र लागत असेल तर जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. सी-सॉचा मधला भाग कमी हलतो, तसंच हे. केबिनच्या वर आणि खाली केबिनच असाव्यात. वर स्विमिंग पूलचा मजला आला तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज डोक्यावर येतो. 'गॅरंटी' दरात केबिन कंपनी निवडते, म्हणून समुद्र लागणाऱ्यांनी तो घेऊ नये. तिसरी-चौथी जागा बहुधा वरच्या बाजूने उघडणाऱ्या बर्थची असते आणि शिडीने चढावं लागतं. ती नातवंडांना द्या.

बाथरूममध्ये मग किंवा जेट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. लहान प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. फ्लश हवेच्या दाबाने ओढून घेणारा असतो. त्यात ओले वाइप्स टाकले तर तुमच्याच नव्हे, शेजारच्या केबिनींचाही पाइप तुंबतो.

जाहिरातीतला दर आणि खरा खर्च

भाड्यात केबिन, मुख्य रेस्टॉरंटमधलं जेवण, बुफे, कार्यक्रम आणि पूल येतात. बंदरकर, टिप, इंटरनेट, दारू व बाटलीबंद पेयं आणि बेटांवरच्या सहली वेगळ्या. टिप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर असते आणि ती आपोआप बिलात येते. १८ डॉलर दराने दोघांचे ७ रात्रींचे २५२ डॉलर झाले. दारूचं पॅकेज घ्यायचं तर अनेक कंपन्यांत त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यावं लागतं. बाबा अधूनमधून एखादा ग्लास घेणार आणि आई काहीच नाही, तर पॅकेज घेऊ नका, सुटं घ्या. साधं पाणी, चहा आणि कॉफी बुफेत फुकट मिळते.

जहाज सुटलं की फोन फ्लाइट मोडवर टाका. भर समुद्रात तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो, आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते धरलेलं नसतं.

जहाजावरच्या खर्चासाठी क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर रोज आगाऊ रक्कम अडकवली जाते आणि उतरल्यावरही काही दिवस सुटत नाही. पूर्ण रक्कम भरण्याची तारीख निघण्याच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी येते. त्यानंतर रद्द केलं तर टप्प्याटप्प्याने कपात वाढत जाते. भारतातून पैसे भरले तर टीसीएस (पैसे घेतानाच वसूल होणारा कर) लागतो. त्याची पावती जपून ठेवा, ती रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते.

शाकाहारी आणि जैन जेवण

बुकिंग करतानाच लिहून द्या, आणि फक्त 'व्हेज' असं लिहू नका. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, कंदमुळं चालतात का, हे वेगवेगळं लिहा. पहिल्या रात्री मुख्य रेस्टॉरंटमध्ये हेड वेटरला भेटा आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची ऑर्डर आदल्या रात्रीच द्या. मोठ्या जहाजांचे खानसामे डाळ, भात, भाजी मनापासून करतात, त्यांना फक्त वेळ हवा असतो. सूपमध्ये कशाचा अर्क आहे, हे रोज विचारा. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर नेता येत नाही. सीलबंद पाकिटातला चिवडा, खाखरे, लोणचं सहसा चालतं, पण ते बेटावर उतरवू नका. फळं तर नाहीच.

इस्त्री, किटली, इंडक्शन, निरांजन, उदबत्ती यांपैकी काहीही बॅगेत सापडलं तर काढून घेतात. जहाजावर आगीसारखं भय नाही. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्डही चालत नाही. भारतातला फोन चार्जर चालतो, अमेरिकेच्या दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर तेवढा घ्या.

चढण्याचा दिवस

आदल्या दिवशीच बंदराच्या गावात पोहोचा. हिवाळ्यात शिकागो-न्यू जर्सीहून निघणारी विमानं बर्फाने अडकतात, आणि बंदरातली नोंदणी जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होते. मोठ्या बॅगा हमालांकडे दिल्या की संध्याकाळपर्यंत केबिनबाहेर येतात. औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. सुरक्षा कवायत प्रत्येकाला सक्तीची आहे. आपत्कालीन भोंग्याचा इशारा म्हणजे सात छोटे आवाज आणि एक लांब, हा नातवंडांनाही पाठ करून द्या.

बेटांवर

घड्याळाचा गोंधळ इथे होतो. जहाजाची वेळ आणि बेटाची वेळ एक असेलच असं नाही. कोझुमेलचं घड्याळ वर्षभर बदलत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते मायामीच्या एक तास मागे असतं. फोन आपोआप बेटाची वेळ दाखवतो. तुम्ही चार वाजले समजून निवांत बसता, तेव्हा जहाजावर पाच झालेले असतात. एकाने मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावं आणि त्याला हात लावू नये. जहाजाने विकलेली सहल उशिरा परतली तर कंपनी सांभाळून घेते. बाहेरची टॅक्सी अडकली तर जहाज निघून जातं. बाहेरची सहल घेतलीत तर शेवटच्या वेळेच्या दोन तास आधी परत या.

ग्रँड केमनला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटीने उतरवतात. बोट वरखाली होते आणि खलाशी दंड धरून उतरवतो. त्याने 'आता' म्हटल्याशिवाय पाऊल टाकू नका. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांनी त्या दिवशी समुद्राचा रंग बघूनच ठरवावं. तिथल्या स्टिंगरे सिटीत कमरेइतक्या पाण्यात वाळूवर उभं राहता येतं आणि स्टिंगरे (शेपटीत काटा असलेले चपटे मासे) पायांशी घोटाळतात. पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत पुढे सरका. मासा पायाखाली येत नाही आणि काटा लागत नाही.

जमैकाचा डन्स रिव्हर धबधबा म्हणजे हातात हात धरून ओल्या दगडांवरून सुमारे १८० मीटर लांबीची चढण चढणं. पाण्यातले बूट लागतात, आणि वयस्करांनी बाजूच्या पायऱ्यांनीच जावं. कोझुमेलहून चिचेन इत्झाची एका दिवसाची सहल आम्ही सुचवत नाही. आधी फेरीबोट, मग बसचे कित्येक तास, आणि तेवढंच परत. माया अवशेष बघायचे तर सान गेर्वासियो बेटावरच आहे.

यूएस व्हर्जिन बेटांत (सेंट थॉमस त्यातलंच) ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, कारण प्रवाळ मरतं. झिंक ऑक्साइडचं न्या. जमैका आणि बार्बाडोससह अनेक बेटांवर लष्करी छापाचे कपडे घालणं बेकायदा आहे. नातवाची तशी अर्धी चड्डी घरीच राहू द्या.

तब्येत

समुद्र लागू नये म्हणून घ्यायची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याच्या तासभर आधी घ्या. आलेपाक जवळ असू द्या, आणि रिकाम्या पोटी राहू नका. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल थेट कार्डावर पडतं. अमेरिकेसाठी घेतलेल्या विम्यात समुद्रातले दिवस आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे पॉलिसीत शोधा, नसेल तर वेगळा विमा घ्या. प्रवासात कधीही गर्भारपणाचा २४ वा आठवडा लागणार असेल तर जहाजावर घेत नाहीत. बाळ किमान सहा महिन्यांचं, आणि लांब पल्ल्याच्या सफरींना एक वर्षाचं हवं.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि ते रबर बँड लावलेले दोन पासपोर्ट त्यात भरू नका, बॅगा थेट बंदरावरच्या हॉलमध्ये भेटतात. परतीचं विमान दुपारी बारानंतरचं घ्या.