न्यायालयाने सोडलं, बेसबॉलने नाही

शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर १९१९ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या विजेतेपदाची अंतिम मालिका, सट्टेबाजांना विकल्याचा ठपका आला. अमेरिकी बेसबॉलमधलं हे ‘ब्लॅक सॉक्स’ प्रकरण बहुतेक वेळा एक कंजूष मालक आणि त्याने पिळलेले खेळाडू यांची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. मालक चार्ल्स कोमिस्की काही दानशूर कर्ण नव्हता. पण त्या काळच्या पगारांच्या नोंदी अलीकडे तपासल्या गेल्या, तेव्हा व्हाइट सॉक्सचा पगारखर्च लीगमधल्या मोठ्या संघांच्या पंक्तीत बसणारा निघाला. पैशाची हाव होतीच, पण तिला धीर आला तो दुसऱ्याच गोष्टीमुळे. पकडलं गेलं तरी फारसं बिघडत नाही, हे खेळाडू डोळ्यांनी पाहत होते.

त्यासाठी हॅल चेसचं एक उदाहरण पुरे. फर्स्ट बेसवरचा हा अप्रतिम खेळाडू सामने मुद्दाम हरतो, सहकाऱ्यांना पैशांची लालूच दाखवतो, अशी कुजबुज वर्षानुवर्षं चालू होती. १९१८मध्ये सिनसिनाटी रेड्सचा मॅनेजर क्रिस्टी मॅथ्यूसन याने त्याला निलंबित केलं. चौकशी झाली तेव्हा मॅथ्यूसन लष्करी सेवेत फ्रान्समध्ये होता, त्यामुळे मुख्य साक्षच झाली नाही. १९१९च्या सुरुवातीला बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एक असलेल्या नॅशनल लीगचे अध्यक्ष जॉन हेडलर यांनी चेसला मोकळं सोडलं आणि न्यूयॉर्क जायंट्सने लगेच करारबद्ध केलं. कहर म्हणजे युद्धावरून परतलेला मॅथ्यूसनही त्याच संघात प्रशिक्षक म्हणून आला.

बेसबॉल नेहमीच असा मऊ नव्हता. १८७७मध्ये लुइव्हिल ग्रेज हा आघाडीवरचा संघ अचानक हरू लागला, तेव्हा जिम डेव्हलिन या पिचरसह (चेंडू फेकणारा खेळाडू) चौघांना कायमचं हाकलण्यात आलं. डेव्हलिन १८८३मध्ये मरेपर्यंत विनवण्या करत राहिला. कुणी ऐकलं नाही. पुढे मात्र खेळात पैसा वाढला, मालकांना घोटाळ्यापेक्षा घोटाळ्याच्या बातमीची भीती जास्त वाटू लागली आणि आळीमिळी गुपचिळी हेच धोरण ठरलं. त्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्यांच्या शर्यतींची बरीच मैदानं बंद पडली आणि तिथला सट्टेबाज बेसबॉलकडे वळला. शिवाय ‘रिझर्व्ह क्लॉज’ होताच. करार संपला तरी मालकाच्या मर्जीशिवाय खेळाडूला दुसऱ्या संघात जाता येत नसे. पगार पटला नाही तर घरी बसायचं.

१९१९च्या कटाचा सूत्रधार व्हाइट सॉक्सचाच खेळाडू चिक गँडिल. बॉस्टनचा सट्टेबाज स्पोर्ट सलिव्हन एका बाजूने, माजी पिचर बिल बर्न्स आणि माजी मुष्टियुद्ध विजेता एब अॅटेल दुसऱ्या बाजूने आणि या सगळ्यांच्या मागे न्यूयॉर्कचा बडा जुगारी आर्नल्ड रॉथस्टाइन याचं नाव. ठरलेला आकडा १ लाख डॉलरच्या घरात होता. एडी सिकॉट आणि लेफ्टी विल्यम्स हे संघाचे दोन्ही प्रमुख पिचर कटात होते, त्यामुळे बाकीच्यांनी फार काही करायची गरजच नव्हती. १ ऑक्टोबर १९१९ला सिनसिनाटीत रेड्सविरुद्ध पहिला सामना झाला. सिकॉटने दुसराच चेंडू रेड्सच्या मॉरी रॅथच्या पाठीत मारला. सौदा पक्का असल्याची ती खूण होती. व्हाइट सॉक्स ९-१ हरले.

पुढची मालिका मात्र सरळ विकलेल्या मालासारखी दिसत नाही. ठरलेले हप्ते मिळेनात, म्हणून खेळाडू बिथरले. कटाबाहेरचा छोट्या चणीचा पिचर डिकी कर तिसरा सामना जिंकून गेला. सहावा आणि सातवाही शिकागोने घेतला आणि सातव्यात तर स्वतः सिकॉट जिंकला. जास्तीत जास्त नऊ सामन्यांची ही मालिका अखेर रेड्सने ५-३ अशी जिंकली. आठव्या सामन्यात विल्यम्स पहिल्याच डावात कोसळला. त्याला कुणी जिवे मारण्याची धमकी दिली होती, ही कथा फार रंगवली जाते, पण तिला भक्कम पुरावा नाही.

खरी लाज पुढच्या वर्षाची आहे. पहिल्या सामन्यानंतरच कोमिस्कीच्या कानावर संशय गेला होता. तो हेडलरपर्यंत आणि तिथून दुसऱ्या, म्हणजे व्हाइट सॉक्सच्या अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्यापर्यंत पोहोचला. पण जॉन्सन आणि कोमिस्की यांचं वैर जुनं, त्यामुळे हरलेल्याची रडारड म्हणून तो झटकला गेला. पत्रकार ह्यू फुलर्टनने मॅथ्यूसनला शेजारी बसवून संशयास्पद खेळाच्या खुणा केल्या होत्या. त्याने तसं लिहिलं, तर त्याचीच टर उडवली गेली. संशयित खेळाडूंपैकी गँडिल सोडून बाकी सगळे १९२०च्या मोसमात पुन्हा मैदानात! सप्टेंबर १९२०मध्ये शिकागोत ग्रँड ज्युरी (खटला भरायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) बसली, तीही मुळात दुसऱ्याच एका सामन्यासाठी. तिथे २८ सप्टेंबरला सिकॉटने कबुली दिली आणि पाठोपाठ संघाचा फलंदाज जो जॅक्सन व विल्यम्स यांनीही.

खटला १९२१मध्ये उभा राहिला. सामना हरणं हा इलिनॉयमध्ये गुन्हाच नव्हता, म्हणून फसवणुकीच्या कटाचं कलम लावावं लागलं. दरम्यान ग्रँड ज्युरीपुढच्या कबुल्यांचे कागद गहाळ झाले. २ ऑगस्टला ज्युरीने सर्वांना निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी ज्युरीचा निकाल काहीही असो, असं बजावत आठही खेळाडूंना बेसबॉलचे दरवाजे कायमचे बंद केले.

हे लँडिस म्हणजे फेडरल न्यायाधीश. १९१५मध्ये प्रतिस्पर्धी फेडरल लीगने मालकांविरुद्ध केलेला दावा त्यांनी तडजोड होईपर्यंत भिजत ठेवला होता, आणि मालकांनी ते उपकार ध्यानात ठेवले होते. १९२०च्या नोव्हेंबरात त्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार देऊन बसवण्यात आलं. आपल्याकडे २०१३च्या आयपीएल स्पॉट-फिक्सिंग प्रकरणात दिल्लीच्या न्यायालयाने २०१५मध्ये श्रीशांतला आरोपमुक्त केलं, तरी बीसीसीआयने बंदी उठवली नव्हती. पण तिथे २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजीवन बंदी रद्द केली. लँडिस यांच्यावर कुणीच नव्हतं. मालकांपैकी कुणाला शिक्षा झाली नाही, रॉथस्टाइनवर आरोपपत्रही आलं नाही आणि रिझर्व्ह क्लॉज तर १९७५पर्यंत टिकला.

आठ जणांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. बक वीव्हरने पैसे घेतले नाहीत, मालिकेत त्याची फलंदाजीची सरासरी .३२४ म्हणजे उत्तम होती. त्याचा अपराध म्हणजे बैठकीला बसला आणि गप्प राहिला. वर्षभर गप्प बसलेला कोमिस्की मात्र पुढे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, गेला. वीव्हरने पुन्हा पुन्हा अर्ज केले आणि १९५६मध्ये तो बंदीसकट वारला.

जॅक्सनचं कोडं अधिक अवघड आहे. साउथ कॅरोलायनातल्या कापडगिरणीत वाढलेला हा निरक्षर फलंदाज त्या मालिकेत .३७५च्या सरासरीने खेळला, १२ फटके मारले आणि मालिकेतला एकमेव होमरनही (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) त्याचाच. पण ५ हजार डॉलर त्याने घेतले, हेही तितकंच खरं. १९२४मध्ये थकलेल्या पगारासाठी तो मिलवॉकीत कोर्टात गेला, तेव्हा १९२१मध्ये ‘हरवलेली’ त्याची साक्ष नेमकी कोमिस्कीच्या वकिलाकडून बाहेर आली. ज्युरी जॅक्सनच्या बाजूने होती, पण ती जुनी साक्ष आणि आताची साक्ष जुळत नसल्याने न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला.

मे २०२५मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी मृत्यूनंतर बंदी लागू राहत नाही असं ठरवून जॅक्सन, वीव्हर आणि इतरांची नावं, सट्ट्यावरूनच बंदी आलेल्या पीट रोझ या खेळाडूच्या नावासह, बंदीच्या यादीतून काढली. जॅक्सनच्या मृत्यूला तेव्हा ७३ वर्षं झाली होती. हॉल ऑफ फेमसाठी त्याचा विचार होऊ शकेल अशी समितीची पुढची बैठक डिसेंबर २०२७मध्ये आहे.