कुंडीच्या तळाशी खडी टाकल्याने निचरा होतो?

"कुंडीच्या तळाशी चार बोटं खडी नाहीतर विटांचे तुकडे टाका, पाणी तुंबणार नाही." नाशिकमध्ये हा सल्ला नर्सरीवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे देतात. होतं मात्र उलटंच. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहज उतरत नाही. मातीचा तळचा थर पूर्ण चिंब झाला की मगच ठिबकतं. म्हणजे तो चिखल कुंडीच्या बुडाऐवजी खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. शिवाय माती कमी बसते ती वेगळीच. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

निचरा सुधारायचा तो मिश्रणात. आपली काळी माती नुसती भरली तर ओली असताना चिकट, सुकली की आक्रसून कुंडीची कड सोडते आणि पाणी कडेकडेनं थेट खाली जातं. फाल्गुनात मिरची-टोमॅटो लावताना दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट घ्या. माती फारच चिकण असेल तर इगतपुरीकडच्या भातगिरणीतलं तूस घाला, पण मूठभर नव्हे, चांगलं घमेलंभर. मिश्रण जरा ओलं करून मुठीत दाबून बघा: गोळा व्हावा, पण बोटानं टोचताच फुटावा.