पार्श्वभूमी: आरपीजीमधल्या पात्रांची नावं अर्थपूर्ण कशी होत गेली

रोल-प्लेइंग गेम (आरपीजी) म्हणजे प्रत्येक खेळाडूने एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ. त्याच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, नावाची ओळ सगळ्यात वर असते आणि बरेच खेळाडू ती सगळ्यात शेवटी भरतात, कारण मनासारखं नाव सापडत नाही. हा खेळ जन्मला तेव्हा नावाची एवढी चिंता कुणाला नव्हती. त्याचं मूळ युद्धखेळांत आहे. तिथे एक सोंगटी म्हणजे अनेकदा अख्खी तुकडी असायची. तिच्या नावाचा प्रश्नच नव्हता. 1969 मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यांनी ब्राउनस्टाइन या काल्पनिक जर्मन गावावर एक डाव रचला आणि त्यात खेळाडूंना एकेका माणसाची भूमिका दिली. त्यांच्याच गटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना राक्षसांच्या भुयारांत नेली. 1974 मध्ये आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग गेम प्रसिद्ध झाला.

त्या नियमांत नवख्या जादूगाराचा जीव एका फाशावर ठरायचा, 1 ते 6 गुण. एका घावात तो मरू शकत असे. अशा पात्राच्या नावावर कोण डोकं खपवणार? मग हाताशी असेल त्यातून नाव बनायचं. गायगॅक्स यांच्या अर्नेस्ट या मुलाने स्वतःच्या नावातली रोमन अक्षरं इकडची तिकडे केली आणि ‘टेन्सर’ तयार झाला. जिम वॉर्ड या खेळाडूचं नाव उलटं वाचून ‘ड्रॉमिज’ झाला. गायगॅक्स यांच्या ल्यूक या धाकट्या मुलाच्या पात्राचं नाव तर शीटवरच्या नोंदीतूनच आलं: पुरुष म्हणून ‘एम’, पुढे ‘एल्फ’ (परीकथांतला दीर्घायुषी, माणसासारखा वंश), झाला ‘मेल्फ’.

मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. या नावांना सुरुवातीला काडीचा अर्थ नव्हता. पण पात्रं जगली, मोहिमा, म्हणजे अनेक सत्रं चालणाऱ्या कथा, गाजल्या, आणि 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या नियमपुस्तकात टेन्सर आणि ड्रॉमिज यांची नावं मंत्रांना लागली. मेल्फचं नावही पुढे एका मंत्राला मिळालं. देवव्रताचा भीष्म झाला तो प्रतिज्ञेमुळे. इथे तर नाव तेच राहिलं आणि पराक्रमाने त्यात वजन भरलं.

दुसरा प्रवाह भाषाशास्त्रज्ञ आणि कादंबरीकार टोल्किन यांच्याकडून आला. ‘द हॉबिट’ (1937) मधल्या बहुतेक बुटक्यांची, म्हणजे ड्वॉर्फांची, नावं त्यांनी ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातल्या यादीतून घेतली. गँडाल्फ या जादूगाराचं नावही त्याच यादीतलं. एल्फांसाठी तर त्यांनी भाषाच रचल्या. त्यामुळे नाव ऐकताच ते कोणत्या लोकांचं आहे हे कळतं. पुढे काल्पनिक जग रचणाऱ्या गेम मास्टरांसमोर, म्हणजे डाव चालवणाऱ्यांसमोर, हाच आदर्श राहिला.

संगणकावर मात्र जागेची अडचण होती. जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये (1986) नायकाचं नाव चार अक्षरांत बसवावं लागे. गंमत म्हणजे त्या अक्षरांवरून नायकाची ताकद कशी वाढणार हेही ठरे. नावाचा खेळावर इतका थेट परिणाम क्वचितच कुठे झाला असेल.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ने नामकरणाच्या रीती वंशांच्या वर्णनातच गुंफल्या. एल्फ शंभरी ओलांडल्यावर केव्हातरी स्वतःला प्रौढ जाहीर करतो आणि स्वतःचं नाव निवडतो. तोवर बालपणीचं नाव चालतं. टीफलिंग म्हणजे सैतानी वारसा असलेले माणसासारखे लोक. त्यांतले काही तरुण आशा, निराशा, यातना अशा अर्थाचे शब्दच नाव म्हणून घेतात आणि मग त्या शब्दाला जागायचा प्रयत्न करतात. 2017 च्या एका पूरक पुस्तकात तर फासा टाकून निवडायच्या नावांच्या लांबलचक याद्या आल्या, वंशांप्रमाणे आणि खऱ्या जगातल्या संस्कृतींप्रमाणे लावलेल्या.

टीफलिंगांची रीत लोकप्रिय असली तरी माझ्या मते ती जपून वापरावी. ‘यातना’ असं नाव घेतलेलं पात्र पहिल्याच सत्रात सगळं सांगून मोकळं होतं. त्यापेक्षा ड्वॉर्फांची रीत कितीतरी सकस आहे. नाव कुळातला वडीलधारा देतो, ते पिढ्यानपिढ्या वापरलेलं असतं आणि कुळाच्या मालकीचं असतं. कुळाला काळिमा फासणाऱ्याकडून ते काढूनही घेतात. असा नाव गमावलेला ड्वॉर्फ खेळायला घेतला, की त्याने काय केलं होतं, नाव कुणी काढून घेतलं आणि ते परत मिळवायची त्याला इच्छा तरी आहे का, हे सगळं मोहिमेतच उलगडावं लागतं.